बियाण्याची बॅग कशी ठरते: देगलूर भागातील शेतकरी-ग्राहकाच्या खरेदीचा आढावा

प्रश्न

एखादी वस्तू घेण्याचा बेत ग्राहकाच्या मनात कशाने ठरतो आणि ठरलेला बेत प्रत्यक्ष खरेदीपर्यंत पोचतो की मध्येच अडतो, हा ग्राहक-अभ्यासातला मध्यवर्ती प्रश्न आहे. मोबाइल, मोटारसायकल, सौंदर्यप्रसाधने, पैसे पाठवण्याची ॲप अशा वस्तू-सेवांवर या प्रश्नाचे असंख्य अभ्यास झाले आहेत. मात्र या विषयाची पहिली गाजलेली पाहणी शेतकऱ्यांवर आणि बियाण्यावर झाली होती. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत आजही हा प्रश्न बियाण्याच्या खरेदीतच सर्वांत तीव्रतेने समोर येतो. दुकानातून आणलेली वस्तू पसंत पडली नाही तर बहुतेक वेळा बदलून मिळते. पेरलेले बियाणे बदलून मिळत नाही, आणि ते चुकले तर हंगाम जातो.

बियाणे घेणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीनेही ग्राहक आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केले. १९६६ चा बियाणे कायदा अस्तित्वात असला तरी सदोष बियाण्याची भरपाई मागण्यासाठी शेतकऱ्याला ग्राहक मंचाचा मार्ग खुला आहे, असा तो निर्णय होता. त्यामुळे शेतकऱ्याची निवड ही केवळ कृषिविस्ताराची बाब राहत नाही. ग्राहकाच्या वर्तनाबद्दलचे जे सिद्धांत इतरत्र मांडले गेले, ते येथेही तपासून पाहता येतात.

या आढाव्यासाठी देगलूर आणि त्याभोवतीचा मुखेड, बिलोली, उदगीर हा पट्टा घेतला आहे. देगलूर तालुका नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पूर्वेला तेलंगणातले मदनूर, दक्षिणेला कर्नाटकातला बीदर जिल्हा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा येथील बाजारात चालतात. खरिपात सोयाबीन, तूर, मूग, उडीद, कापूस आणि रब्बीत हरभरा, ज्वारी ही येथील मुख्य पिके. काळी भारी जमीन आणि मुरमाड हलके रान एकाच गावाच्या शिवारात सापडते. पुढच्या चर्चेत ही शेवटची गोष्ट महत्त्वाची ठरेल.

तीन लाटा

या भागाने गेल्या साठ वर्षांत बियाण्याच्या तीन मोठ्या लाटा पाहिल्या. पहिली संकरित ज्वारीची. सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने संकरित ज्वारीचा जोरदार पुरस्कार केला. उतारा वाढला, तरी पोचट दाणा, भाकरीची चव आणि पावसात काळी पडणारी कणसे या तक्रारी कायम राहिल्या. घरी खायला गावरान आणि विकायला संकरित, अशी विभागणी अनेक घरांनी केली. नवी वस्तू स्वीकारणे म्हणजे जुनी टाकून देणे नव्हे, हे यातून पहिल्यांदा स्पष्ट झाले.

दुसरी लाट कापसाची. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात तयार झालेले एनएचएच ४४ हे संकरित वाण १९८४ मध्ये प्रसारित झाले आणि ‘नांदेड ४४’ या नावाने महाराष्ट्राबाहेरही पोचले. कोरडवाहू रानात तग धरणे आणि वेचणी झाल्यावर पुन्हा फुटवा येणे हे त्याचे गुण शेतकऱ्यांना ठाऊक होते. मार्च २००२ मध्ये बोंडअळीला रोखणारे जनुक असलेल्या बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि दहा वर्षांच्या आत देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. नांदेड ४४ मागे पडले. वाण निकृष्ट होते म्हणून तसे झाले नाही. त्यात बीटी जनुक नव्हते, हेच कारण होते. महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साहाय्याने त्याचे बीटी रूप बाजारात आणण्यात आले, तोवर काउंटरवरची जागा इतर पाकिटांनी घेतली होती.

तिसरी लाट सोयाबीनची, आणि तिने या भागाचे शिवारच बदलले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस ३३५ हे वाण १९९४ मध्ये आले. नव्वद ते शंभर दिवसांत येणारे पीक, कापसाच्या तुलनेत कमी मजूर, मळणीयंत्राने होणारी मळणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास हातात रोख रक्कम आणि मागे हरभऱ्याला मोकळे रान, अशी सोयाबीनची जमेची बाजू होती. लातूरचा मोंढा आणि तिथला तेलगाळप उद्योग यांमुळे गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. पण सोयाबीनने मागे सारलेल्या ज्वारीबरोबर कडबाही गेला, आणि जनावरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहिला. त्याची किंमत पिकाच्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

नफा की शेजार

या लाटा का येतात याची दोन जुनी उत्तरे आहेत आणि त्यांतला वाद अजून मिटलेला नाही.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांची पाहणी करून १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संकरित मक्याची माहिती सर्वाधिक शेतकऱ्यांना प्रथम विक्रेत्यांकडून मिळाली होती, पण ते पेरायचे हे मात्र शेजाऱ्यांचे पाहून ठरले. अनेकांनी पहिल्या वर्षी थोड्या क्षेत्रावर पेरून पाहिले आणि काही वर्षांत सगळे रान त्याखाली आणले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये हाच धागा पुढे नेला. नव्या वस्तूचा स्वीकार तिच्या पाच गुणांवर अवलंबून असतो, अशी त्यांची मांडणी होती: जुन्यापेक्षा फायदा, आपल्या रीतीशी मेळ, वापरायला सोपेपणा, थोडक्यात करून पाहण्याची सोय आणि परिणाम दुसऱ्याला दिसणे.

झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये त्याच संकरित मक्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. कोणत्या राज्यात ते लवकर पसरले आणि कुठे उशिरा, यातला फरक मुख्यतः नफ्यातल्या फरकाने समजतो, असे त्यांनी दाखवले. कंपन्यांना जिथे मोठा बाजार दिसला तिथे योग्य वाण आधी तयार झाले, आणि शेतकऱ्याला जिथे जास्त मिळकत दिसली तिथे ते झपाट्याने पसरले. ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी यावर आक्षेप घेतला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंमध्ये जाहीर चर्चा झाली.

देगलूरच्या सोयाबीनला दोन्ही उत्तरे अर्धीअर्धी लागू पडतात. ज्वारी, कडधान्य आणि कापसाच्या जागी सोयाबीन का आले, याला नफ्याचे उत्तर बऱ्याच अंशी पुरते. पण ते शेवटपर्यंत पुरत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अनेक बाजार समित्यांत सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि नवा माल येईपर्यंत कोसळला. त्यानंतरच्या वर्षांत तो उतरतच राहिला. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना बाजारातला भाव बराच काळ त्याखाली होता. तरीही राज्यातले सोयाबीनचे क्षेत्र ५० लाख हेक्टरच्या आसपास टिकून राहिले. नफा घटला म्हणून पीक सोडले गेले नाही. मजुरांची टंचाई, हातात असलेली यंत्रे, हरभऱ्याची सांगड आणि पर्यायी पिकाला हमखास गिऱ्हाईक नसणे, या सगळ्यांनी शेतकऱ्याला त्याच पिकाशी बांधून ठेवले आहे. एका वर्षाच्या भावापेक्षा पूर्ण वर्षाची घडी बसणे त्याला महत्त्वाचे वाटते, असा याचा अर्थ लावणे वाजवी आहे.

शेजाऱ्याकडून शिकण्याचा मुद्दा भारतीय आकडेवारीवरही तपासला गेला आहे. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी हरितक्रांतीच्या सुरुवातीच्या वर्षांतील ग्रामीण कुटुंबांची माहिती वापरून १९९५ मध्ये दाखवले की स्वतःचा आणि शेजाऱ्याचा अनुभव वाढला तसा अधिक उत्पादक वाणांपासूनचा फायदाही वाढला. त्यात एक अडचणही दिसली: शेजारी करून पाहील, मग आपण करू, असे सगळेच म्हणू लागले की कोणीच आधी करत नाही. कैवान मुन्शी यांनी २००४ मध्ये यात महत्त्वाची भर घातली. गव्हाच्या शेतकऱ्यांनी शेजाऱ्यांचे अनुकरण केले, भाताच्या शेतकऱ्यांनी तितके केले नाही. कारण भाताची नवी वाणे जमीन आणि पाणी यांतल्या फरकाला जास्त संवेदनशील होती, आणि शेजाऱ्याचा अनुभव स्वतःच्या रानाला लागू पडेल याची खात्री नव्हती.

मुन्शींचा हा निष्कर्ष देगलूरला नेमका लागू पडतो. भारी रानात फुले संगमसारखे उंच वाढणारे, काही दिवस उशिरा येणारे वाण चांगला उतारा देते. हलक्या रानात ऑगस्टमधली पावसाची उघडीप लांबली की तेच वाण शेंगा भरण्याच्या वेळी कोरडे पडते, आणि लवकर येणारे वाण तग धरते. गावातल्या एकाचा अनुभव गावातल्या दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या एमएयूएस मालिकेतल्या वाणांची शिफारस करताना जमीन आणि कालावधी यांचा उल्लेख असतो, पण काउंटरवर बॅग मागताना तो फारसा होत नाही.

मनाचा हिशेब

बेत कसा ठरतो याचा थेट अभ्यास मानसशास्त्राने केला. मार्टिन फिशबाइन आणि आयसेक आयझेन यांनी १९७५ मध्ये आणि पुढे आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार बेताला तीन गोष्टी आकार देतात: त्या वस्तूबद्दलचे आपले मत, आपल्या माणसांना काय वाटेल याची जाणीव, आणि हे आपल्याच्याने होईल का याचा अंदाज. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणकाच्या संदर्भात उपयुक्तता आणि सोपेपणा यांवर भर देणारे प्रारूप दिले. पुढे व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा अनेक प्रारूपांची एकत्र जुळणी केली. कृषी महाविद्यालयांतल्या ठिबक, माती परीक्षण, सेंद्रिय निविष्ठा यांवरच्या पाहण्यांत याच चौकटींचा वापर होताना दिसतो.

या प्रारूपांची ताकद अशी की ती मोजता येतात. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ख्रिस्तोफर आर्मिटेज आणि मार्क कॉनर यांनी २००१ मध्ये १८० च्या वर अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा या प्रारूपाने बेतातल्या फरकाचा सुमारे ३९ टक्के आणि प्रत्यक्ष वर्तनातल्या फरकाचा सुमारे २७ टक्के भाग उलगडला. म्हणजे बेत समजला तरी वर्तनाचा मोठा भाग बाहेरच राहतो. कोरडवाहू शेतीत हा बाहेरचा भाग बहुधा आणखी मोठा असावा. कारण ‘आपल्याच्याने होईल का’ याचे उत्तर शेतकऱ्याच्या मनाबाहेर आहे: पाऊस कधी पडेल, पीक कर्ज केव्हा हातात येईल, आणि हवी ती बॅग दुकानात शिल्लक असेल का.

थोडक्यात करून पाहण्याच्या कसोटीवर वेगवेगळ्या वस्तूंचे चित्र वेगळे दिसते. बियाण्याची एक बॅग एका एकरात पेरून पाहता येते. ठिबक संच असा थोडक्यात करून पाहता येत नाही, त्यासाठी आधी पाण्याचा स्रोत लागतो. लहान आणि सीमांत शेतकऱ्यांना राज्यात ठिबकवर ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, तरी आधी स्वतःचे पैसे घालून नंतर अनुदान मिळण्याची पद्धत अनेकांना अडसर वाटते. रुंद वरंबा-सरीने पेरणी करणारे बीबीएफ यंत्र याच्या उलट टोकाला आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातूनही त्याचा प्रचार झाला. ते विकत घ्यावे लागत नाही, भाड्याने पेरणी करून घेता येते, आणि जास्त पावसात पाणी सरीतून निघून जाते हे बांधावरून जाणाऱ्यालाही दिसते. रॉजर्स यांच्या पाचही कसोट्यांवर ते उतरते. तरी पेरणीच्या दोन-चार दिवसांच्या धांदलीत यंत्र वेळेवर मिळाले नाही की शेतकरी नेहमीच्या पेरणीयंत्राकडे वळतो.

भाव सारखा, मागणी वेगळी

किंमत हा खरेदीचा सर्वांत ठळक घटक मानला जातो. कापसाच्या बियाण्याने त्याची एक दुर्मीळ कसोटी उपलब्ध करून दिली आहे. केंद्र सरकारने २०१५ च्या आदेशाने बीटी कापूस बियाण्याची कमाल किंमत ठरवायला सुरुवात केली. बोलगार्ड-२ या बीटी प्रकाराच्या पाकिटाची किंमत २०१६ मध्ये ८०० रुपये होती आणि २०२५ मध्ये ९०१ रुपये. सर्व कंपन्यांना कमाल किंमत एकच. तरीही दरवर्षी एखाद्या वाणासाठी रांगा लागतात, त्याचा तुटवडा होतो, जादा दराने विक्रीच्या तक्रारी येतात, आणि शेजारचे त्याच जनुकाचे पाकीट पडून राहते. किमतीतला फरक काढून टाकल्यावरही निवडीत इतका फरक उरत असेल तर तो कशातून येतो?

ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने वरंगळ जिल्ह्यात अनेक वर्षे याचा मागोवा घेतला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. एखाद्या गावात एका वर्षी जवळजवळ सगळे एकच वाण घेत, दोन-तीन हंगामांनी ते सोडून दुसऱ्याकडे वळत. शेजारच्या गावात तेव्हा वेगळ्याच वाणाची चलती असे. जमीन किंवा हवामान यांत त्याचे कारण सापडत नव्हते. बाजारात वाणांची गर्दी झाली, त्यांची नावे सतत बदलत राहिली, आणि शेतकऱ्याला स्वतः पारखण्याचा अवधीच मिळाला नाही, म्हणून तो इतरांचे पाहून चालू लागला, असे स्टोन यांचे म्हणणे आहे. शेतीतले कसब हातातून निसटते आहे, हा त्यांचा व्यापक निष्कर्ष वादग्रस्त ठरला.

दुसरी बाजू असे म्हणते की शेतकऱ्याने बीटी घेतले ते फायदा दिसला म्हणून. जोनास कथागे आणि मातिन काइम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांची २००२ ते २००८ या काळातली माहिती वापरून २०१२ मध्ये सांगितले की बीटीमुळे एकरी उत्पादन सुमारे २४ टक्के आणि नफा सुमारे ५० टक्के वाढला. केशव क्रांती आणि स्टोन यांनी २०२० मध्ये दीर्घ काळाची आकडेवारी मांडून आक्षेप घेतला: उत्पादनवाढीला खतांचा वाढता वापर आणि इतर कारणे होती, आणि गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे बंद केल्यावर फवारणीचा खर्च पुन्हा वाढला. महाराष्ट्रात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान शेतकऱ्यांच्या चांगले लक्षात आहे.

हे दोन्ही दावे एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. बीटी घ्यायचे की नाही, हा निर्णय फायद्याच्या अनुभवावर झाला असू शकतो. पण बीटीतली कोणती पाकिटे घ्यायची, हा दरवर्षीचा निर्णय असून त्यात स्टोन यांनी वर्णन केलेली अनुकरणाची रीत दिसते. वस्तूचा प्रकार निवडणे आणि त्या प्रकारातली एक छाप निवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत त्यांची सरमिसळ होत आली आहे, आणि बराचसा मतभेद त्यातून निर्माण झाला आहे.

तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाचे उदाहरण याला जोडून पाहायला हवे. शेतकरी त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने त्याची जाहीर लागवड केली. या बियाण्याला प्रमाणपत्र नाही, पावती नाही, भरपाईची सोय नाही. तरी निंदणीच्या मजुरीची बचत इतकी मोठी वाटते की लोक ते घेतात. विश्वासाची सगळी औपचारिक साधने नसताना ओळखीच्या माणसाचा शब्द पुरतो, हे यातून दिसते.

दुकानदार, उधारी आणि घरचे बियाणे

बियाण्याबद्दलचा सल्ला देगलूर किंवा नरसीच्या बाजारात मुख्यतः कृषी सेवा केंद्राचा दुकानदार देतो. तो वर्षभर उधारी देतो, पीक आल्यावर हिशेब होतो. अशा संबंधात शेतकरी दुकानदाराने सुचवलेली बॅग सहजासहजी नाकारत नाही. काही वेळा डीएपीसारख्या मागणीच्या खतासोबत दुसरे उत्पादन घ्यावे लागते, ज्याला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. कृषी विभागाने त्याविरुद्ध वारंवार सूचना दिल्या आहेत. या स्थितीत खरेदी झालेली वस्तू हा शेतकऱ्याच्या पसंतीचा पुरावा मानणे धोक्याचे आहे. दुसरीकडे हेही खरे की दुकानदाराला त्याच गावात पुढची वीस वर्षे धंदा करायचा असतो. नासके बियाणे देऊन त्याचे नाव जाते. त्याच्याकडे केवळ कमिशनच्या चष्म्यातून पाहणे अपुरे आहे.

सोयाबीन स्वपरागी पीक असल्याने आधीच्या वर्षीचे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. म्हणजे येथे ग्राहकाला खरेदीच न करण्याचा पर्याय आहे, जो संकरित कापसात नाही. पण सोयाबीनच्या बियाचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले किंवा काढणीच्या वेळी पाऊस झाला की उगवण घसरते. कृषी विभाग दरवर्षी उन्हाळ्यात सांगतो: शंभर बिया ओल्या गोणपाटात ठेवा आणि सत्तरपेक्षा कमी उगवल्या तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हीही त्याचीच शिफारस.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पूर आला. आधीच्या वर्षी काढणीच्या वेळी पडलेल्या पावसाने बीजोत्पादनाचेच नुकसान झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, कंपन्यांवर गुन्हे दाखल झाले. दुबार पेरणी करावी लागलेल्या घरांवर त्याचा आर्थिक घाव मोठा होता. छापील थैली म्हणजे खात्री, हा समज त्या वर्षी डळमळला आणि घरच्या बियाण्याकडे कल वाढला. पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीसारख्या हंगामानंतर घरचे बीही भिजते, आणि शेतकरी पुन्हा बाजाराकडे वळतो. विश्वास येथे एका दिशेने वाढत जात नाही, तो पावसाबरोबर हेलकावे खातो.

विम्यावरचे संशोधन याला पूरक आहे. शॉन कोल आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये पर्जन्यविमा विकून पाहिला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. किंमत कमी केल्यावर मागणी वाढली, पण ओळखीच्या संस्थेच्या माणसाने सोबत येऊन शिफारस केली किंवा हातात रोख पैसे असले, तरीही ती लक्षणीय वाढली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा दिला, तेव्हा खरिपातले अर्ज सुमारे ९६ लाखांवरून सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. त्यांतले बरेच बोगस निघाले आणि २०२५ मध्ये योजनेचे हे रूप बंद झाले. किंमत शून्याजवळ आणली की अर्ज वाढतात हे खरे. त्यातून वस्तूवरचा विश्वास किती वाढला, हे अर्जांच्या संख्येवरून कळत नाही.

सीमेवरचा ग्राहक

देगलूरच्या ग्राहकाला एकाच वेळी तीन राज्यांचे बाजार आणि धोरणे दिसतात. तेलंगणाने मे २०१८ पासून रयतु बंधू योजनेत पेरणीआधी एकरी ४,००० रुपये आणि पुढे ५,००० रुपये थेट शेतकऱ्याला द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात केंद्राच्या सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याचे तितकेच रुपये मिळतात, पण ते एकरामागे नव्हे, कुटुंबामागे, आणि हप्त्यांत. धर्माबाद-बिलोली भागातल्या काही गावांतून तेलंगणात जाण्याची मागणी २०१९ मध्ये पुढे आली, त्यात अशा योजनांचे आकर्षण होते. खरेदीच्या दृष्टीने यातला फरक रकमेपेक्षा वेळेचा आहे. पेरणीच्या आधी रोख हातात असलेला शेतकरी उधारीच्या दुकानाशी बांधलेला राहत नाही.

सीमा ओलांडून बियाणेही येते. एका राज्यात शिफारस केलेले वाण दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाच्या शिवारात पाहायला मिळते. लग्नसंबंध दोन्ही बाजूंना असलेल्या या भागात नात्यातून येणारी ही माहिती जाहिरातीपेक्षा जास्त वजनदार ठरते. पावती मात्र परराज्यातली असली की तक्रार कुठे करायची, हा प्रश्न उरतो.

काय सुटलेले नाही

बेत कोणत्या वेळी मोजायचा, हे पहिले अनिर्णित ठिकाण. बहुतेक पाहण्या हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, शेतकरी मोकळा असताना होतात. खरेदी मात्र मृगाच्या आसपास, पाऊस, पैसा आणि साठा यांच्या दबावाखाली होते. एस्तेर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांच्या केनियातल्या प्रयोगात पीक हातात आल्यावर लगेच, थोड्या सवलतीत खताची आगाऊ खरेदी करण्याची सोय दिल्यावर वापर वाढला. दिवाळीत सोयाबीनचे पैसे आल्यावर पुढच्या खरिपाचे बियाणे राखून ठेवण्याची सोय येथे तशीच काम करील का, हे प्रयोगाने तपासण्यासारखे आहे.

दुसरे, कोणाला विचारायचे. पाहणीचा प्रश्न घरच्या कर्त्या पुरुषाला विचारला जातो. निंदणी, खुरपणी, बियाणे साठवणे, उगवण तपासणे ही कामे बहुतांशी बायकांची असतात. तणनाशकाने वाचलेली मजुरी ही काही घरांची बचत आणि काही घरांतल्या बायकांचा बुडालेला रोजगार आहे. बटाईने करणाऱ्याचा हिशेब तर मालकाच्या हिशेबापेक्षा वेगळाच असतो, आणि त्याचे नाव सातबाऱ्यावर नसल्याने तो पाहणीत येतच नाही. या दोन उणिवा आतापर्यंतच्या निष्कर्षांवर मोठे प्रश्नचिन्ह लावतात.

तिसरे, प्रात्यक्षिकाचे. विद्यापीठ आणि कृषी विभाग प्रगतिशील शेतकऱ्याच्या रानात प्लॉट घेतात. एरियल बेनयिशाय आणि मुशफिक मोबारक यांच्या मलावीतल्या अभ्यासात, पाहणाऱ्याला आपल्यासारखा वाटणारा शेतकरी प्रात्यक्षिक करत असेल आणि त्याला त्याचा थोडा मोबदला मिळत असेल, तेव्हाच माहिती नीट पसरली. बागायती, ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याचा प्लॉट पाहून मुरमाड रानातल्या दोन एकरवाल्याने काय ठरवावे, यावर मराठवाड्यात पुरेसे काम झालेले नाही.

चौथे, माहितीच्या नव्या साधनांचे. केंद्राने २०२३ मध्ये बियाण्याचा उगमापासून विक्रीपर्यंत माग ठेवणारे ‘साथी’ पोर्टल सुरू केले. पिशवीवरच्या कोडवरून बियाणे कुठे तयार झाले हे कळते. यामुळे बनावट बियाण्याला आळा बसेल अशी अपेक्षा आहे. मात्र उगवण कमी होण्याची कारणे बनावटीइतकीच पावसाळी काढणी आणि साठवण यांत आहेत, आणि त्यांचा माग या कोडमध्ये नाही. शेतकरी बॅग घेताना हा कोड पाहतो की शेजाऱ्याने आणि दुकानदाराने सांगितलेल्या नावावरच थांबतो, हे वाणनिहाय आणि गावनिहाय विक्रीच्या नोंदी पुढच्या काही हंगामांत तुलनेसाठी खुल्या झाल्या तरच तपासता येईल.